नव्वद दिवसांचं बिऱ्हाड

थायलंडमध्ये बिऱ्हाड थाटलेल्या परदेशी माणसाशी गप्पा मारायला बसलात, तर हवापाण्याच्याही आधी विषय निघतो तो व्हिशाचा. तिथल्या १९७९च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे, सलग मुक्काम करणाऱ्या परदेशी माणसाने दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवायचा असतो. विसरला तर २,००० बात दंड; एक बात म्हणजे आपले अडीच-तीन रुपये. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला की यातून सुटका, आणि तो फार थोड्यांना मिळतो.

या नव्वद दिवसांवरून चियांग माईतल्या एका मराठी घरात कायमचा वाद आहे. मी तिथे पाहुणा होतो आणि मी आपल्याच बाजूचा आहे, असं दोन्ही पक्षांना वाटत होतं. एक पक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले माझे जुने सहकारी. दुसरा पक्ष म्हणजे त्यांची भाची. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून या लेखापुरते ते सगळ्यांचेच मामा. मामा-मामी निवृत्तीच्या व्हिशावर, दोई सुथेप डोंगराच्या पायथ्याशी एका कॉन्डोत भाड्याने राहतात. भाची तिथल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवते. तिची सहा वर्षांची मुलगी त्याच शाळेत जाते. आधी आली ती भाची. मामा तिला भेटायला म्हणून आले आणि रमले. आता जी आधी आली ती निघायची भाषा करते आणि मागून आलेल्यांना हलायचं नाही.

मामा: मला एक सांग, तीन महिन्यांनी एक फॉर्म भरायचा, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला देतोच की. भारत सरकारला सांगायचं की जिवंत आहे, थाई सरकारला सांगायचं की घरीच आहे. दोन्ही खरं आहे. आणि आता तर ऑनलाइन होतं.

भाची: फॉर्मचा त्रास नाही रे मामा. मुदतीआधी पंधरा दिवस आणि नंतर सात दिवस, एवढी सवडही देतात. पण मी इथे मुलांच्या बॅचमागून बॅच शिकवून बाहेर काढल्या, कर भरला, भाषा शिकले. तरी सरकारला माझ्याबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे, की ही बाई सध्या कुठे सापडेल.

मामा: मग? पुण्यात महापालिकेला तुझ्याबद्दल काय जाणून घ्यायचं असतं? घरपट्टी भरली का, एवढंच ना!

भाची: पण तिथे मला कुणी जा म्हणू शकत नाही. इथे माझा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. शाळेने उद्या नको म्हटलं, तर पगार जायच्या आधी राहण्याचा हक्क जातो. आवराआवरीला जेमतेम काही दिवस. लेकीची शाळा, भाड्याच्या घराचं डिपॉझिट, स्कूटर, सगळं तेवढ्यात.

मामा: माझा तर नोकरीला बांधलेला नाही. पन्नाशी ओलांडलेली असावी आणि खात्यात ८ लाख बात असावेत, नाहीतर महिन्याला ६५,००० बात येत असावेत. संपला विषय. वर्षाला १,९०० बात भरले की पुढच्या वर्षाचा शिक्का.

भाची: ते ८ लाखसुद्धा नीट सांग ना यांना. अर्जाआधी दोन महिने खात्यात असायला हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हात लावायचा नाही, त्यानंतरही वर्षभर ४ लाखांच्या खाली उतरायचं नाही. पैसे तुझे, पण ओलीस ठेवलेले.

मामा: बँकेत आम्ही त्याला मुदत ठेव म्हणायचो.

इथे मामा स्वतःच्या विनोदावर मनापासून हसले. त्यांचा एकूण सूर असाच असतो. नियम सांगावा आणि तो किती सोपा आहे हेही लगेच सांगावं. भाड्याच्या घरात परदेशी माणूस आला की २४ तासांत घरमालकाने कळवायचं, हे त्यांना सोपं वाटतं. देशाबाहेर जाताना परत येण्याचा शिक्का घेतला नाही तर वर्षाची मुदतवाढ तिथेच संपते, हेही सोपं. २०२४पासून, वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कराचा विचार करावा लागतो, हे जरा कमी सोपं. पण त्यालाही त्यांच्याकडे फाइल आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासलेल्या माणसाला आपले कागद चोख ठेवण्यात सुखच वाटत असणार.

मामा: माझा दिवस कसा जातो ते बघ. सकाळी फिरायला जातो. कुणी हॉर्न वाजवत नाही. येताना बाजारातून भाजी. दुपारी कधीतरी ती लाल सोंगथेव पकडायची, मागे दोन बाकांची शेअर गाडी असते ना, ती. जुन्या शहराच्या खंदकापाशी उतरायचं, एखाद्या देवळाच्या ओट्यावर वाचत बसायचं. तेराव्या शतकाच्या शेवटी राजा मंगराईने हे शहर वसवलं. सातशे वर्षांत त्याने किती परके बघितले असतील! आणि मुख्य म्हणजे इथे मला कुणी विचारत नाही की मुलगा कुठे असतो, सून काय करते, दुसरं नातवंड कधी.

भाची: विचारतात मामा. तुला कळत नाही.

मामा: म्हणजे?

भाची: लिफ्टमधल्या त्या आजी आहेत ना, तू रोज ज्यांना हात जोडून हसतोस? त्या तुला रोज विचारतात, भाडं किती भरतोस, मुलं किती, जेवलास का. तू हसतोस. त्यांना वाटतं, सज्जन आहे, जरा मंद आहे.

मामी स्वयंपाकघरातून हसली. मामीला या प्रश्नांची उत्तरं देता येतात, हे मला नंतर कळलं.

भाची: तू सुखी आहेस कारण तुला हे शहर ऐकूच येत नाही, वाचताही येत नाही. दोई इंथानोन राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो तेव्हाचं आठव. प्रवेशाला आपल्याला माणशी ३०० बात. थाई माणसाचा दर तिथेच लिहिलेला होता, पण थाई अंकांत. तू म्हणालास, वा, किती सुंदर अक्षरं आहेत. मी ते आकडे वाचले. मला तेव्हा जे वाटलं ते तुला वाटायचं कारणच नव्हतं.

मामा: आपणही ताजमहालाला परदेशी पाहुण्याकडून जास्त घेतोच की.

भाची: घेतो. आणि तेही मला पटत नाही. पण मी पाहुणी नाही, हे माझं म्हणणं आहे. मी इथे राहते.

वादाचा गाभा हाच आहे. मामांना पाहुणा असण्यात आनंद आहे, भाचीला त्याच शब्दाचा जाच होतो. मला गंमत वाटली ती याची, की ज्याने या गावात कमी गुंतवलं तो जास्त समाधानी आहे. मामांच्या बोलण्यात 'इथली माणसं किती चांगली' हे वाक्य दर दहा मिनिटांनी येतं, पण त्या माणसांपैकी एकाचंही नाव येत नाही. भाचीच्या तक्रारींत मात्र सगळी नावानिशी माणसं होती: शाळेतली सहशिक्षिका, लेकीच्या मैत्रिणीची आई, नूडल्सच्या गाडीवरचा म्हातारा.

मी विचारलं, मग कायमच्या परवान्याचा अर्ज का नाही करत?

भाची: करणार आहे, म्हणजे करणार होते. तीन वर्षं सलग कामाच्या व्हिशावर राहावं लागतं, पगाराचे आणि कराचे कागद लागतात, थाईत मुलाखत होते. एका देशाच्या नागरिकांसाठी वर्षाला फक्त १०० जागा. भारतासारख्या देशालाही १००च, आणि लहानशा देशालाही १००च. मंजूर झालाच तर १,९१,४०० बात भरायचे. ते सगळं करीनही. पण तोवर लेक दहावीला येईल. तिला मी काय सांगू, तू कुठली?

मामा: पुण्याची सांग.

भाची: ती पुण्याला सुटीत जाते. पुण्यात तिला रिक्षावाल्याची भीती वाटते.

मामा: मग वरोरोत बाजारातले ते शीख कापडवाले बघ. कित्येक पिढ्या आहेत इथे. गुरुद्वारा आहे, दुकानं आहेत, नातवंडं अस्खलित थाई बोलतात. ते रुजलेच ना! तू उगाच म्हणतेस की हा देश रुजू देत नाही.

भाची: त्यांचे पणजोबा आले तेव्हाचा कायदा वेगळा होता. इथे जन्मलेलं मूल बहुतेक वेळा इथलं व्हायचं. १९७२मध्ये लष्करी राजवटीने फर्मान काढून ते दार लावलं. आईबाप तात्पुरत्या परवान्यावर असतील तर इथे जन्मूनही मूल परदेशीच. माझी लेक इथल्या इस्पितळात जन्मली असती तरी तिच्या हातात भारतीय पासपोर्टच असता. आणि मी तर जमीनही घेऊ शकत नाही. कॉन्डोतला फ्लॅट तेवढा घेता येतो, तोसुद्धा इमारतीतल्या ४९ टक्के जागेपर्यंतच परदेशी मालक चालतात म्हणून.

मामा: मी कोथरूडला तरी कुठे जमीन घेतली? फ्लॅटच घेतला.

यावर भाची काही बोलली नाही. कोथरूडचा तो फ्लॅट कुलूपबंद आहे, मामांनी तो विकलेला नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

जेवणं झाली. मामीच्या स्वयंपाकघराबद्दल लिहायला स्वतंत्र लेख लागेल, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. चिनी वर्षाच्या नवव्या चांद्रमासात, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस 'जे' पाळण्याची चिनी वंशाच्या थाई लोकांची प्रथा आहे. मांस-मासे नाहीत, शिवाय कांदा-लसूणही नाही. दुकानांवर पिवळ्या पताका लागतात. कांदेनवमी झाली की चातुर्मासभर कांदा वर्ज्य करणाऱ्या घरातून आलेल्या मामीला परदेशात पहिल्यांदा ओळखीचं काही भेटलं ते तिथे. एरवी ती 'नाम प्ला घालू नका' हे थाईत ठणकावून सांगते आणि नाम प्ला, म्हणजे माशाचं ते खारट पाणी, तरीही कशात ना कशात येतंच. भाजीबाजारात दुधी, कारलं, शेवग्याच्या शेंगा मिळतात; तूरडाळ आणि गोडा मसाल्याचं सामान मात्र भारतीय वाणसामानाच्या दुकानातून किंवा पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेतून.

मामा: आणि गणपती! दुकानादुकानांत गणपती आहे. इथल्या सरकारच्या ललित कला विभागाच्या चिन्हावर गणपती. या प्रांतात दोई लोला तर गणपतीचं संग्रहालयच आहे. परकं वाटायला जागा कुठे आहे?

भाची: त्याला दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागत नाही, म्हणून तो खूश आहे.

धुराचा विषय मीच काढला. दर वर्षी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चियांग माईची हवा जगातल्या सगळ्यांत वाईट हवांपैकी एक असते. डोंगरउतारावरचे वणवे, मक्याचे जाळलेले सड, सीमेपलीकडून म्यानमार आणि लाओसमधून येणारा धूर, आणि हे सगळं धरून ठेवणारी वाटीसारखी दरी. दोई सुथेप पायथ्यापासूनसुद्धा दिसेनासा होतो. मामांच्या कॉन्डोच्या जाहिरातीत तोच डोंगर ठळक छापला होता.

मामा: हे खरं आहे. ते दोन महिने वाईट. म्हणून आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याला जातो, थाई नववर्ष, सोंगक्रान, उरकलं की परत येतो. एकदम उत्तम बेत.

भाची: पाहुण्याचा बेत. मामा, हेच मी सांगते आहे. हवा बिघडली की पाहुणा निघून जातो. माझी शाळा त्या महिन्यांत चालू असते. मुलांना मैदानावर सोडत नाहीत, वर्गात हवा शुद्ध करणारी यंत्रं घरघरत असतात, लेक दोन-दोन आठवडे खोकते. आणि मी कुणाला जाब विचारायचा? २०२३मध्ये इथल्या सुमारे १,७०० रहिवाशांनी थेट पंतप्रधानांविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०२४मध्ये चियांग माईच्या प्रशासकीय न्यायालयाने सरकारला तातडीची योजना करायला सांगितलं. मुदत किती दिली माहितीये? नव्वद दिवस.

मामा: म्हणजे सरकारलाही तोच फॉर्म!

सगळे हसलो. भाचीही हसली, पण थांबली नाही.

भाची: मी मोर्च्यात गेले तर माझा व्हिसा पणाला लागतो. तेव्हा मी खोकते आणि कर भरते.

मामा: तू निवडलंस ते. कुणी बांधून आणलं नाही.

भाची: मान्य. मी निवडलं. पण तुझ्या मजल्यावर झाडलोट करणारी बाई घे. शान जमातीची आहे ती, म्यानमारहून आलेली. तिनेही निवडलं, असं म्हणशील? तिच्याही कामाच्या परवान्याला मालक बांधलेला, तिच्याही परवान्याला मुदत, तिलाही दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवायचा. एकच कायदा, एकच फॉर्म. तुला गावात 'एक्स्पॅट' म्हणतात आणि तिला 'मजूर'. फरक त्या आठ लाखांचा. आणि या डोंगरांत असे लोक आहेत की जे इथेच जन्मले किंवा इथेच म्हातारे झाले आणि कुठल्याच देशाचे नागरिक नाहीत. ऑक्टोबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने अशा चार लाख ऐंशी हजारांहून जास्त लोकांना कायमचं वास्तव्य आणि नागरिकत्व लवकर मिळावं असा निर्णय घेतला. तोवर त्यांचं काय होतं, याचा विचार कर. आपण रांगेत त्यांच्या मागे आहोत हे मला पटतंही. पण पाहुणा असणं मजेचं आहे, हे मात्र तिच्यासमोर म्हणू नकोस.

मामा पहिल्यांदाच जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण मला काहीच मागायचं नाही इथे. मत नको, जमीन नको, हक्क नको. साठ वर्षं सगळीकडे हक्क सांगून झाले. सोसायटीच्या पार्किंगसाठी मी सात वर्षं भांडलो. इथे भांडण नाही. कायमचं नाही, हे आधीच माहीत असलेलं घर हवं होतं मला. तुझं वय वेगळं आहे."

माझ्या मते मामांचं हे एकच बोलणं त्यांच्या बाकीच्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार होतं. गंमत म्हणजे त्याने भाचीचीच बाजू भक्कम होते. हा देश परदेशी माणसाला आराम देतो, आसरा देत नाही. ज्याला फक्त आराम हवा आहे आणि आसरा दुसरीकडे कुलूप लावून ठेवलेला आहे, त्याला हा व्यवहार फायद्याचा. ज्याचं कामाचं वय आहे आणि ज्याचं मूल तिथे वाढतं आहे, त्याला तोट्याचा. दोघांनाही एकच उत्तर देणारा माणूस बहुधा तिथे फ्लॅट विकत असतो.

पण वादात आणखी एक माणूस होतं आणि ते इतका वेळ भांडी आवरत होतं. मामी हात पुसत येऊन बसली.

मामी: तुमचं दोघांचं झालं असेल तर मी बोलू? अहो, तुमचा व्हिसा तुमच्या नावावर आहे. माझा तुमच्या नावावर आहे. पत्नी म्हणून. तुम्हाला काही झालं, तर ज्या आठवड्यात मी रडायचं, त्याच आठवड्यात मला त्या विमानतळाजवळच्या कचेरीत जाऊन विचारावं लागेल की मी आता कोण म्हणून राहू. पैसे तुमच्या खात्यात आणि खातेदार गेला की खातं गोठणार. अग्नीची चिंता नाही, इथे देवळातच दहन होतं, तेवढं आपल्यासारखं आहे. त्यानंतरच्या दिवसाची आहे.

मामा: अगं, असं एकदम काय…

मामी: एकदम नाही. पहिल्या वर्षीच त्या लिफ्टमधल्या आजींनी मला विचारलं होतं. त्यांच्या ओळखीतल्या कुणा परदेशी बाईचं असंच झालं होतं. मला इथे आवडतं. हिच्याएवढं रुजायचं नाही आणि तुमच्यासारखं पाहुणं म्हणूनही राहायचं नाही. माझ्या नावाने वेगळं खातं उघडा, त्यात आठ लाख ठेवा. माझीही पन्नाशी कधीच झाली आहे. मग मी माझ्या नावावर राहीन.

भाचीने मामांकडे पाहिलं. मामांनी फाइल आणली. मी निघालो तेव्हा तिघं मिळून हिशेब करत होती: कोथरूडच्या मुदत ठेवी, परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा, बँकेत लागणारे कागद. भाचीने पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी पुण्यातल्या दोन शाळांना पत्रंही लिहिली होती, हे मला तेव्हाच कळलं. मामांना ते अजून माहीत नव्हतं.

पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीत हल्ली बरेच जण निवृत्तीनंतर चियांग माई किंवा हुआ हिनला जायच्या गोष्टी करतात, म्हणून त्यांना सांगतो. जरूर जा, पण इथलं घर विकून जाऊ नका. पहिला मुक्काम डिसेंबरात नको, मार्चमध्ये करा. आणि घरातल्या दोघांपैकी ज्याच्या नावावर व्हिसा असणार नाही, त्याला किंवा तिला आधी विचारा.